जांभळाची टोपली आणि आपली आठवण

घोडबंदर रस्ता तुम्हांला ठाऊकच आहे. ठाण्याच्या माजिवड्याहून तो निघतो. मानपाडा, कासारवडवली, ओवळा, गायमुख अशी गावे घेत घेत घोडबंदरकडे जातो. एका अंगाला येऊरचा डोंगर आणि त्यावरचे जंगल. दुसऱ्या अंगाला खाडी. जिथे भाताची खाचरे होती तिथे आता उंच इमारती आल्या. मेट्रोचे खांब उभे राहिले. ट्रकांची रांग तर रात्री सुद्धा मोडत नाही.

पण एक गोष्ट अजून टिकून आहे. वैशाख आला की डोंगरातल्या पाड्यांवरून बायाबापड्या करवंदाच्या पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. पाऊस जवळ आला की जांभळाच्या टोपल्या येतात. पानांवर वाटे लागतात. येणारा जाणारा थांबतो, भाव विचारतो, एक जांभूळ तोंडात टाकतो आणि जीभ जांभळी करून पुढे जातो.

या फळांविषयी अलीकडे एक बोलणे कानांवर येते. ही फळे खाल्ली की आठवण चांगली राहते, म्हातारपणी विसर पडत नाही, असे लोक म्हणतात. हे खरे का? किती खरे? त्याचा विचार आपण या पाठात करू. आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

१. मावशीचा हिशेब चुकला

गायमुखच्या अलीकडे एक मावशी दरवर्षी टोपली घेऊन बसत. आम्ही त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण हिशेब तोंडपाठ. पाच गिऱ्हाइके एकदम आली तरी कोणाचे किती झाले आणि कोणाला किती परत द्यायचे, यात एका रुपयाची चूक नसे.

एका वर्षी आम्ही दोन वाटे घेतले. वाटा तीस रुपयांचा. शंभराची नोट दिली. मावशींनी दहा रुपये परत दिले.

आम्ही म्हटले, "मावशी, चाळीस यायचे ना?"

मावशी जरा गोंधळल्या. नोटा चाळवू लागल्या. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "दादा, तुम्ही पैसं दिलं का?"

शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. त्याचे तोंड उतरले. आम्हांला बाजूला घेऊन तो म्हणाला, "आई चार महिने अशीच करते. परवा घरची वाट चुकली. जन्म गेला या वाटेवर, आणि भलत्याच पाड्याकडे चालली होती. लोक म्हणतात, साठी बुद्धी नाठी. वय झालं, आता असंच चालायचं."

मग त्याने पिशवीतून एक बाटली काढून दाखवली. बाटलीवर जांभळांचे चित्र होते. खाली लिहिले होते की या अर्काने विसराळूपणा मुळापासून जातो. एका बाटलीला सहाशे रुपये. बाजारात कोणीतरी विकत होता. घरच्यांनी तीन महिन्यांत चार बाटल्या घेतल्या होत्या. म्हणजे दोन हजार चारशे रुपये झाले! जांभळे विकणाऱ्या बाईने जांभळाचाच रस सहाशे रुपयांना घेतला. गुण मात्र काही दिसेना.

पुढे मावशींचे काय झाले ते शेवटी सांगू. आधी जरा समजून घेऊ.

२. विसरण्याचे दोन प्रकार

विसरतो तर आपण सगळेच. विळा कुठे ठेवला ते आठवत नाही. बाजारातून मीठ आणायचे राहून जाते. पाहुण्याचे नाव ओठांवर असते पण बाहेर येत नाही. घटकाभराने आठवते. वय वाढले की असे थोडे जास्त होते. याची भीती बाळगू नये.

दुसरे विसरणे वेगळे. रोजची वाट चुकते. जन्मभर केलेली कामे जमेनाशी होतात. भाकरी थापता थापता पुढे काय करायचे तेच सुचत नाही. एकच प्रश्न माणूस दहा वेळा विचारतो. विनाकारण संशय घेतो, चिडतो. असे दिवसेंदिवस वाढत गेले तर तो आजार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. इंग्रजी शब्द आहे डिमेन्शिया. त्यातला एक मोठा प्रकार म्हणजे अल्झायमरचा आजार. जर्मनीतले डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली तो पहिल्यांदा सांगितला, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले.

आपल्या देशात हा आजार किती जणांना आहे? देशभर वृद्धांची तपासणी करून त्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. साठ वर्षांवरच्या शंभर माणसांत सात जणांना हा आजार आहे, असे त्यात दिसले. सगळे मिळून सुमारे ८८ लाख माणसे झाली. पुरुषांपेक्षा बायांत, शहरापेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत तो जास्त आढळला.

मग नीट पाहा. शंभरात सात, म्हणजे बाकीच्या त्र्याण्णवांना तो नाही. तेव्हा "साठी बुद्धी नाठी" ही म्हण सगळ्यांना लागू नाही. म्हातारपण हा आजार नव्हे. विसर फार पडू लागला तर त्याचे कारण शोधले पाहिजे.

३. फळाच्या रंगात काय आहे?

आता फळांकडे वळू.

जांभळाने जीभ जांभळी होते. हा रंग कुठून येतो? आणि जांभूळ खाल्ल्यावर तोंड कसेसेच होते, जीभ आवळल्यासारखी वाटते. ती तुरट चव कशाची?

झाडे आपल्या अंगात काही पदार्थ तयार करतात. उन्हापासून, किडीपासून, बुरशीपासून त्यांना बचाव करायचा असतो. माणूस पळू शकतो, झाड पळू शकत नाही. म्हणून ते अशी तजवीज करते. या पदार्थांच्या एका मोठ्या घराण्याला पॉलिफेनॉल म्हणतात. शब्द अवघड आहे. चार वेळा मोठ्याने वाचा, म्हणजे बसेल. पॉ-लि-फे-नॉ-ल.

हे घराणे फार मोठे आहे. त्यातले काही रंग देतात. जांभूळ, करवंद, कोकम, काळी द्राक्षे, स्ट्रॉबेरी यांचा लाल-जांभळा रंग त्यांचाच. काही तुरटपणा देतात. कच्चा आवळा, चहा, डाळिंबाची साल यांचा तुरटपणा त्यांचा. तुरट पदार्थ तोंडातल्या लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतो, म्हणून तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते.

वांगे चिरून ठेवले की काळे पडते. तुम्ही ते पाण्यात टाकता. का बरे? चिरले की वांग्यातल्या पॉलिफेनॉलला हवा लागते आणि त्याचा रंग बदलतो. पाण्यात हवा कमी लागते म्हणून वांगे काळे पडत नाही. म्हणजे पाहा, नाव नवे असले तरी वस्तू आपल्या चुलीपाशी रोजचीच आहे. कांद्यात ती आहे, टोमॅटोत आहे, पालेभाजीत आहे, चहातही आहे.

४. फळाचा आणि डोक्याचा संबंध काय?

आपला मेंदू वजनाने सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान असतो. शरीराचे वजन शंभर भाग धरले तर मेंदू फक्त दोन भाग. पण आपण श्वासातून जो प्राणवायू घेतो, त्याच्या शंभर भागांतले वीस भाग हा एकटा मेंदू खातो! घरात लहान पण खाण्यात मोठा, असा हा पाहुणा आहे.

हा प्राणवायू रक्तातून पोचतो. केसापेक्षा बारीक नळ्यांचे जाळे मेंदूत पसरलेले आहे. शेताला जसे पाट, तसे मेंदूला या रक्ताच्या नळ्या. पाट बुजला की कडेचे वाफे सुकतात. नळ्या आखडल्या, बुजल्या की मेंदूचा तेवढा भाग उपाशी राहतो.

मेंदूत कानांच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग आहे. नवी गोष्ट लक्षात ठेवण्याचे काम मुख्यतः तो करतो. सकाळी कोण आले होते, पैसे कोणी दिले, हे ध्यानात राहते ते त्याच्यामुळे. अल्झायमरच्या आजारात बहुधा लवकर बिघडतो तो हाच भाग. म्हणून म्हाताऱ्या माणसाला लहानपणची जत्रा आठवते, पण सकाळी जेवलो का ते आठवत नाही.

पॉलिफेनॉल इथे काय करतात? शास्त्रज्ञांना दोन गोष्टी दिसल्या आहेत. काही पॉलिफेनॉल रक्ताच्या नळ्या सैल व्हायला मदत करतात, त्यामुळे रक्त नीट वाहते. आणि शरीराच्या आत जी बारीक धग, जी सूज धुमसत असते, ती कमी व्हायला त्यांचा हातभार लागतो.

मात्र एक ध्यानात ठेवा. फळातले सगळे पॉलिफेनॉल रक्तात जात नाहीत. थोडेच जातात, आणि तेही बरेचसे लवकर लघवीवाटे निघून जातात. उरलेले आतड्यात राहतात. तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात आणि त्यांतले काही तुकडे पुढे रक्तात जातात. म्हणून एका दिवशी टोपलीभर जांभळे खाऊन वर्षाची बेगमी होत नाही. रोज थोडे खावे, हेच बरे.

५. शास्त्रज्ञांनी पाहिले ते काय?

नुसते ऐकून विश्वास ठेवू नये. कोणी, किती माणसांवर, किती दिवस पाहिले ते विचारावे. आपणही विचारू.

पहिली गोष्ट उंदरांची. अमेरिकेत बोस्टन इथे १९९९ साली म्हाताऱ्या उंदरांना आठ आठवडे फळांचा अर्क खाऊ घातला. ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी आणि पालक यांचा. ब्लूबेरी म्हणजे करवंदाएवढे एक निळसर फळ. उंदरांची आठवण सुधारली. पण उंदीर तो उंदीर, माणूस तो माणूस.

दुसरी गोष्ट बायांची. अमेरिकेतल्या सोळा हजार वृद्ध परिचारिकांची माहिती कित्येक वर्षे जमवली. तिचा निकाल २०१२ साली आला. ज्या बाया ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी जास्त खात, त्यांची आठवण हळू कमी झाली. जणू त्यांच्या मेंदूचे म्हातारपण दोन-अडीच वर्षे लांबले.

हे ऐकून कोणी म्हणेल, "मग झाले तर!" पण थांबा. ज्या घरात रोज फळ येते त्या घरात बहुधा चार पैसे जास्त असतात. तिथे डॉक्टर लवकर गाठला जातो, जेवणही बरे मिळते. मग गुण फळाचा की घराचा? शास्त्रज्ञांनी हा फरक काढून टाकण्याचा प्रयत्न केला, पण नुसत्या पाहणीने तो पुरता निघत नाही.

म्हणून तिसरी रीत आहे. माणसांचे दोन गट करायचे. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगायचे नाही. अशी चाचणी अमेरिकेत ३,५६२ वृद्ध माणसांवर तीन वर्षे झाली आणि २०२३ साली निकाल आला. गोळीत कोकोच्या बियांतले ५०० मिलिग्रॅम पॉलिफेनॉल रोज दिले होते. चॉकलेट करतात तोच कोको. निकाल काय लागला? सगळ्यांना मिळून पाहता गोळीने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण ज्यांच्या जेवणात फळे-भाज्या फार कमी होत्या, त्यांची आठवण सुधारली.

याचा अर्थ शेतकऱ्याला चटकन कळेल. कोरड्या खाचरात पाणी सोडले तर रोप उठते. भरलेल्या खाचरात आणखी पाणी सोडून काय होणार?

चौथी गोष्ट सांगितली नाही तर तुमची फसवणूक होईल. कोकोचीच दुसरी चाचणी २,२६२ माणसांवर झाली. तिचा निकाल २०२२ साली आला. तिच्यात कोकोचा काही उपयोग दिसला नाही. आणि मेंदूसाठी मुद्दाम ठरवलेला आहार ६०४ माणसांना तीन वर्षे दिला. २०२३ साली निकाल आला. तो आहार घेणारे आणि साधा बेताचा आहार घेणारे, यांत ठळक फरक निघाला नाही.

मग आम्ही काय म्हणावे? एवढेच म्हणू. ज्याच्या ताटात फळ-भाजी नाही, त्याने ती खाऊ लागावी, त्याने मेंदूला मदत होण्याचा संभव आहे. पण कोणतेही फळ हे स्मृतिभ्रंशाचे औषध नाही. आणि या मोठ्या चाचण्या झाल्या त्या परदेशी फळांच्या आणि कोकोच्या. आपल्या जांभळात आणि करवंदात त्याच घराण्यातले रंग आहेत, एवढे खरे. पण भाऊ हुशार म्हणून चुलतभाऊ हुशार, असे आपण धरून चालत नाही. तसेच हे.

६. आपल्या वाटेवरची फळे

सहाशे रुपयांच्या बाटलीची गरज नाही. आपल्या रस्त्याकडेला वर्षभर काय मिळते ते पाहा.

चैत्र-वैशाखात करवंदे आणि कोकमाची रातांबी. करवंदाचा चीक पुसून, धुऊन खावे. रातांब्याची साल वाळवून आमसुले करून ठेवावी. वर्षभर आमटीला होतात.

ज्येष्ठात जांभळे. आपल्या ठाणे जिल्ह्यातले बदलापूर आणि शेजारच्या पालघर जिल्ह्यातले बहाडोली ही गावे जांभळांसाठी नावाजलेली आहेत. दोन्हीकडच्या जांभळांना सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे त्या गावाच्या नावाने दुसऱ्याने जांभळे विकायची नाहीत.

थंडीत आवळे, बोरे आणि पेरू. आवळ्याचा तुरटपणा पॉलिफेनॉलचा. शिवाय त्यात क जीवनसत्त्वही भरपूर असते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीत ठाण्याच्या बाजारात येते. परवडली तर घ्यावी, न परवडली तर बोरे-पेरू काय वाईट आहेत?

आणि बारा महिने कांदा, टोमॅटो, पालेभाजी आहेच.

काही गोष्टी मात्र सांभाळा.

रस्त्यावरच्या फळांवर धूळ आणि धूर बसतो. स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा.

रस काढून, साखर घालून पिण्यापेक्षा फळ चावून खा. चोथा पोटाला हवा असतो.

मधुमेह असेल तर आंबा, चिकू, केळे बेतानेच. जांभळाच्या बियांची पूड घेतो म्हणून डॉक्टरची गोळी बंद करू नका. असे करून माणसे दवाखान्यात पोचली आहेत.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाच कडांचे कमरख मुळीच खाऊ नका. ते त्या आजारात विषासारखे होते. बाकीची फळे किती खावी तेही डॉक्टरला विचारा.

जेवणाबरोबर चहा पिऊ नका. चहातले पॉलिफेनॉल अन्नातले लोह धरून ठेवतात. अंगात रक्त कमी असलेल्या बायांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे.

७. फळाहून मोठ्या गोष्टी

जगातल्या जाणत्या डॉक्टरांच्या एका मंडळाने २०२४ साली मोठा अहवाल दिला. लॅन्सेट नावाच्या साप्ताहिकाने हे मंडळ नेमले होते. ते म्हणाले, स्मृतिभ्रंशाची चौदा कारणे अशी आहेत की ज्यांवर काही करता येते. त्या सगळ्यांचा बंदोबस्त झाला तर शंभरांतल्या सुमारे पंचेचाळीस जणांचा आजार टळेल किंवा लांबेल.

ती कारणे कोणती? लहानपणी शिक्षण न मिळणे. ऐकू कमी येणे. दिसायला कमी आले तरी उपाय न करणे. वाढलेला रक्तदाब. मधुमेह. रक्तातली वाईट चरबी. लठ्ठपणा. तंबाखूचे धूम्रपान. फार दारू. अंगमेहनत नसणे. डोक्याला मार बसणे. मनाची खिन्नता. एकटे पडणे. आणि हवेतला धूर.

आपल्या रस्त्याशी ही यादी ताडून पाहा. ट्रकांचा धूर आपल्या दारात आहे. म्हाताऱ्यांना भर रस्त्याच्या कडेला दिवसभर बसवू नये. मोटारसायकलवर हेल्मेट घालावे, मागे बसणाऱ्यानेही. डोक्याला मार लागला तर तो मेंदूला पुढे भोवतो. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून त्यांच्याशी बोलणे टाकू नये. कान तपासून घ्यावेत. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर काढून घ्यावा. रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजावा. आरोग्य केंद्रात तो मोजून देतात.

यादीत पहिले काय होते? शिक्षण. कोणी म्हणेल, "आमचे लहानपण तर गेले. आता काय उपयोग?" तर ऐका. न्यूयॉर्क शहरात ९८३ वृद्धांची पाहणी झाली. २०१९ साली ती छापून आली. ही सगळी माणसे चार यत्तांहून जास्त शिकलेली नव्हती. पण त्यांतल्या काहींना वाचता येत होते, काहींना नव्हते. वाचता न येणाऱ्यांत शंभरात पस्तीस जणांना स्मृतिभ्रंश आढळला. वाचता येणाऱ्यांत अठरा जणांना.

नुसत्या वाचण्यानेच हा फरक पडला, असे छातीठोक सांगता येत नाही. पण वाचताना डोळा, कान, जीभ आणि आठवण ही सारी एकदम कामाला लागतात. शेताला नांगर तसे मेंदूला वाचन. तुम्ही हा पाठ इथवर वाचलात. म्हणजे आज तुमच्या मेंदूने बरीच नांगरट केली आहे.

८. मावशींचे पुढे काय झाले?

आम्ही मावशींच्या मुलाला म्हटले, "बाबा रे, बाटली राहू दे. आईला एकदा सरकारी दवाखान्यात दाखव."

त्याच्या मनात नव्हते. एक रोजंदारी बुडणार होती. तरी तो गेला. डॉक्टरांनी मावशींना बरेच प्रश्न विचारले. औषधे कोणती घेता, झोप लागते का, जेवता काय? तेव्हा कळले, नवरा गेल्यावर मावशींनी गळ्यात माळ घातली होती. मासळी, अंडी सारे सोडले होते. दूध फक्त चहापुरते. बहुतेक दिवस भात आणि पातळ आमटी.

रक्त तपासले. ब-१२ नावाचे जीवनसत्त्व फार कमी निघाले. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. फळांत ते नसते. म्हातारपणी ते अंगी लागणेही कमी होते. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि विसरही पडतो. रक्तदाबही वाढलेला होता.

पाहा बरे! कमी होते एक आणि दिले जात होते दुसरेच. विहीर आटली असताना दिव्यात तेल घालण्यातला प्रकार. आणि त्यात तीन महिने गेले. हे जीवनसत्त्व फार काळ कमी राहिले तर झालेली हानी पुरती भरून येत नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली, रक्तदाबाची गोळी दिली. माळ काढायला कोणी सांगितले नाही. रोज दूध आणि दही घ्यायला सांगितले.

पुढच्या वर्षी मावशी पुन्हा टोपलीपाशी दिसल्या. सगळे पूर्वीसारखे झाले असे नाही. मोठ्या नोटेचा हिशेब आता नात करते. नात शाळेत जाते. पण वाट चुकत नाही. आम्हांला त्यांनी ओळखले आणि म्हणाल्या, "दादा, गेल्या साली तुमचे तीस रुपयं माझ्याकडं ऱ्हायले होते ना?"

खरे तर तीसच राहिले होते. आमच्याही ध्यानातून गेले होते!

सगळ्यांची गोष्ट अशी गोड होत नाही. अल्झायमरचा आजार असेल तर तो पुरता बरा करणारे औषध आजही नाही. पण विसर पडण्याची काही कारणे बरी होण्यासारखी असतात. ब-१२ ची कमतरता, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा आजार, मनाची खिन्नता, काही झोपेच्या गोळ्या. ही कारणे डॉक्टरलाच ओळखता येतात. आणि आजार खरोखरच तोच निघाला, तरी त्या माणसाला रागावू नये. तो मुद्दाम विसरत नाही. त्याच्या खिशात घरचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवावा. आता तुम्हांला लिहिता येते, हे काम तुम्हीच करा.

सल्ला हवा असेल तर सरकारचे दोन फोन नंबर आहेत. वृद्धांसाठी १४५६७. मनाच्या आजारासाठी १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

जांभूळ खावे. करवंद खावे. आवडीने खावे, रोज थोडे खावे, मुलांना द्यावे. रस्त्याकडेला बसलेल्या मावशीकडून घ्यावे, म्हणजे तिच्याही घरी चूल पेटते. पण औषध म्हणून त्याच्या भरवशावर बसू नये.

शब्दांचे अर्थ

स्मृतिभ्रंश : आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार
पॉलिफेनॉल : झाडांत तयार होणारे, रंग व तुरटपणा देणारे पदार्थ
अर्क : वस्तूतले सार काढून केलेला रस
बेगमी : पुढच्या दिवसांसाठी केलेला साठा
खिन्नता : मन सतत उदास असणे

सांगा पाहू

१. साधे विसरणे आणि आजाराचे विसरणे, यांत फरक काय?
२. कोकोच्या गोळीने कोणाची आठवण सुधारली? कोणाला फरक पडला नाही?
३. मावशींच्या अंगात काय कमी होते? ते फळातून का मिळाले नाही?
४. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?

करून पाहा

थोडा जांभळाचा रस दोन वाट्यांत घ्या. एका वाटीत लिंबू पिळा. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. दोन्ही रंग कसे बदलतात ते पाहा. हा पॉलिफेनॉलच्या रंगाचा खेळ आहे. पाहून झाल्यावर सोड्याचा रस टाकून द्या. मग एका कागदावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे नाव, पत्ता आणि फोन नंबर ठळक अक्षरांत लिहा. तो कागद त्यांच्या खिशात किंवा पदराला बांधून द्या.